टिबुकली पाण्याखाली असताना

प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी प्रकल्पाचा विषय द्यायचा होता, तेव्हा मी कागदावर 'कोल्हापूर जिल्ह्यातील पाणथळ जागांवरील पक्ष्यांचा अभ्यास' असे ठळक अक्षरांत लिहून नेले होते. मार्गदर्शक मॅडमनी तो वाचला आणि एवढेच विचारले, "जागा किती, दिवस किती आणि गाडी कोणाची?" पंचगंगेला मिळणाऱ्या नद्यांचे काठ, कोल्हापुरी बंधाऱ्यांमागे तुंबलेले पाणी, गावोगावचे तलाव आणि पावसाळ्यात उसाच्या कडेला साचणारी डबकी एवढे सगळे माझ्या मनात होते, हातात मात्र भावाची दुचाकी होती आणि तीही सकाळी साडेनऊला परत द्यायच्या बोलीवर. अर्ध्या तासाच्या चर्चेनंतर जिल्ह्याचे दोन तलाव झाले. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून चालत जाण्याजोगा रंकाळा, आणि शहराच्या दक्षिणेला, कात्यायनीच्या डोंगराकडून येणाऱ्या ओढ्यांवर भरणारा कळंबा. शास्त्रीय निकषांपेक्षा दुचाकीनेच माझे अभ्यासक्षेत्र ठरवले, असे म्हटले तरी ते खोटे ठरणार नाही.

विषयाच्या मंजुरीच्या वेळी एका प्राध्यापकांनी विचारले की माणसाने बांध घालून अडवलेल्या पाण्याला पाणथळ म्हणायचे का. उत्तर मला पाठ होते. १९७१ साली इराणमधल्या रामसर येथे झालेल्या करारात पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यात नैसर्गिक आणि कृत्रिम, कायमचे आणि हंगामी, असे दोन्ही प्रकारचे पाणी येते. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वरसुद्धा गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झाले आहे. हे मी सांगितले आणि विषय मंजूर झाला. पाठ केलेले ज्ञान उपयोगी पडण्याचा त्या वर्षातला तो बहुधा शेवटचा प्रसंग होता.

पावसाळ्यात काम सुरू करण्यात अर्थ नव्हता. दोन्ही तलाव काठोकाठ भरलेले असताना चिखलाची किनार पाण्याखाली असते आणि उथळ पाण्यात चालून खाणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. म्हणून ऑक्टोबरपासून दर पंधरवड्याला प्रत्येक तलावाला एक फेरी, असे वेळापत्रक आखले. रंकाळ्याच्या काठावर पाच जागा आणि कळंब्याला चार जागा निश्चित केल्या. प्रत्येक जागी पोहोचल्यावर पाच मिनिटे नुसते थांबायचे, म्हणजे आपल्या येण्याने बिचकलेले पक्षी पुन्हा स्थिरावतात, आणि नंतरची दहा मिनिटे मोजायचे. कागदावर ही पद्धत इतकी सोपी वाटली की दहा मिनिटांत करायचे तरी काय, अशी मला चिंता पडली होती.

पहिल्या फेरीला मी आणि माझी वर्गमैत्रीण रंकाळा टॉवरजवळ शेजारी शेजारी उभ्या राहिलो. पाण्यावर वारकऱ्यांचा एक थवा होता. काळेभोर अंग आणि कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला की या पक्ष्याला मराठीत वारकरी का म्हणतात, हे कुणाला सांगावे लागत नाही. आम्ही दोघींनी एकाच वेळी, एकमेकींना न सांगता तो थवा मोजला. माझ्या वहीत ६२ आले आणि तिच्या वहीत ४७. पुन्हा मोजल्यावर माझे ५५ झाले आणि तिचे ५८. थवा तोच होता, दुर्बिणीही सारख्याच होत्या. वारकरी बुड्या मारतो, टिबुकली तर त्याहून जास्त. मी डावीकडून उजवीकडे मोजत जाईपर्यंत डावीकडचे चार पाण्याखाली गेलेले असत आणि उजवीकडे दोन नवे वर आलेले असत. पुस्तकात 'पक्षी मोजावेत' एवढेच लिहिलेले असते. पाण्याखालच्या टिबुकलीचे काय करायचे, हे तिथे सापडत नाही.

मॅडमना हे सांगितले, तेव्हा त्यांनी घरी करायला एक अभ्यास दिला. आईने स्टीलच्या ताटात उडीद पसरायचे, मी तीन सेकंद पाहायचे, ताट झाकायचे आणि अंदाज सांगायचा. नंतर दाणे मोजायचे. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक वेळी कमी सांगितले, आणि दाणे जितके जास्त तितकी माझी तूट मोठी. मोठ्या थव्यांच्या बाबतीत बहुतेक नवशिक्यांचा अंदाज असाच खाली येतो, हे मॅडमनी नंतर सांगितले. यावरचा उपाय असा की आधी दहा दाणे नेमके मोजायचे, ते ताटाची किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवायचे आणि मग तेवढेच तुकडे उरलेल्या ताटावर ठेवत जायचे. आठ-दहा दिवसांत माझा अंदाज बराच जवळ येऊ लागला. आईचा अंदाज मात्र पहिल्या दिवसापासून माझ्यापेक्षा बरा होता. तीस वर्षे डाळ-तांदूळ निवडणाऱ्या बाईला त्यात विशेष काही वाटले नाही. तलावावर या अभ्यासाला आम्ही आणखी एका नियमाची जोड दिली. थवा तीन वेळा मोजायचा आणि त्यांतला सर्वांत मोठा आकडा धरायचा, कारण बुडी मारणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत चूक बहुतेक वेळा कमी मोजण्याचीच असते.

दुसरी चूक लक्षात यायला तीन फेऱ्या लागल्या. रंकाळ्याच्या पश्चिम काठावर शालिनी पॅलेस आहे आणि तिथली माझी एक जागा फार देखणी होती, म्हणूनच ती निवडली होती. परंतु सकाळी तिथे उभे राहिले की तोंड पूर्वेला आणि सूर्य थेट समोर. पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळा दिसे. त्या जागेच्या नोंदींत वारकऱ्यांची संख्या इतर सर्व जागांपेक्षा कितीतरी जास्त आली होती आणि मी त्याचे कारण शोधत बसले होते: तिथे पाणवनस्पती जास्त असावी, वर्दळ कमी असावी. एका ढगाळ सकाळी प्रकाश मऊ होता, तेव्हा त्याच जागेवरून त्याच थव्यात हळदीकुंकू बदके, टिबुकल्या आणि लाल कपाळाची साधी पाणकोंबडी निघाली. हळदीकुंकवाच्या चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकवाची टिकली असते, पण उन्हाच्या विरुद्ध पाहिले तर हळद नाही आणि कुंकूही नाही. त्या जागेची मोजणी मग कायमची संध्याकाळी साडेचारला नेली. रंकाळा घरापासून चालत जाण्याजोगा असल्याने त्यासाठी गाडी लागणार नव्हती. अर्थात संध्याकाळी बगळे मुक्कामाच्या झाडांकडे उडत जाताना डोक्यावरून जातात, त्यामुळे नुसते वरून उडून गेलेले पक्षी वेगळ्या रकान्यात लिहायचे ठरले, आणि सकाळच्या जागांची तुलना संध्याकाळच्या जागेशी करायची नाही हेही ठरले.

या सगळ्याचा परिणाम असा झाला की ऑक्टोबरमधल्या आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या अशा पहिल्या तीन फेऱ्यांची सर्व माहिती विश्लेषणातून बाद झाली. मॅडमनी ती वही परत देताना त्यावर तारीख घालून 'सराव' एवढाच शब्द लिहिला. त्या दिवशी मला रडू आले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पहाटे पाचला उठून, रंकाळ्याच्या धुक्यात गारठून भरलेली पाने होती ती.

ओळख पटवण्याच्या अडचणी वेगळ्याच होत्या आणि त्यांचा बराचसा भाग वेळेशी बांधलेला होता. कमळपक्षी मी चित्रात पाहिला होता तो लांब, कोयत्यासारख्या वळलेल्या शेपटीचा. पण ती शेपटी केवळ विणीच्या हंगामात, म्हणजे पावसाळ्यात असते. ऑक्टोबरात माझ्यासमोर पानांवरून चालणारा फिकट तपकिरी, आखूड शेपटीचा पक्षी कमळपक्षी असेल हे माझ्या डोक्यातच आले नाही. (या पक्ष्यांत अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नर करतो आणि मादी एकाहून जास्त नरांसाठी अंडी घालते, हे मी घरी सांगितले तेव्हा आजीने बराच वेळ काही प्रतिक्रिया दिली नाही.) भिवई बदकाचेही तसेच. नराच्या डोळ्यावरची ठसठशीत पांढरी भिवई पाहून तो ओळखायचा हे माहीत होते, परंतु हिवाळ्याच्या सुरुवातीला उत्तरेकडून आलेले नर अजून मादीसारख्या साध्या पिसांत असतात. कळंब्याला नोव्हेंबरात मी 'बदक, मादी, जात अनिश्चित' असे ज्यांच्यापुढे लिहीत होते, त्यांतल्या काहींना फेब्रुवारीत भिवया फुटल्या.

सर्वांत छळले ते चिखलात चालणाऱ्या तुतारी पक्ष्यांनी. तुतवार सोपा, त्याच्या छातीच्या कडेला खांद्यापाशी पांढरी पाचर असते आणि उभा असला की मागचा भाग सतत वरखाली हलवत असतो. हिरवी तुतारी आणि ठिपकेवाली तुतारी मात्र उभ्या असताना नवशिक्याला सारख्याच वाटतात. उडताना पाहिले तर हिरवीचे पंख खालून काळपट आणि ठिपकेवालीचे फिकट दिसतात, हा फरक पक्का. पण त्यासाठी पक्षी उडावा लागतो, आणि मोजणीच्या वेळी पक्षी उडवायचा नाही हा आमचा पहिला नियम. त्यामुळे दहा मिनिटे संपेपर्यंत वाट पाहायची आणि वही मिटल्यावर तो आपणहून उडाला तर नाव लिहायचे. नाही उडाला तर 'तुतारी, अनोळखी' असे लिहून पुढे जायचे. सुरुवातीला या 'अनोळखी'ची मला लाज वाटे. पहिल्या तीन फेऱ्यांत तो शब्द एकदाही आलेला नाही, यावरूनच त्या वहीची किंमत कळावी.

कळंब्याला काम करताना माणसांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हाही दिनक्रमाचा भाग होता. त्या भागात मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे गळ्यात दुर्बीण आणि हातात वही घेऊन एकाच जागी पंधरा मिनिटे उभ्या राहणाऱ्या मुलीकडे लोक जरा निरखून पाहत. एका आजोबांनी तर सरळ विचारले, "जेलकडं बघालीस व्हय गं?" पाखरे मोजते आहे असे सांगितल्यावर त्यांचा संशय कमी होण्याऐवजी वाढला. जाळी टाकायला येणारे एक मामा मात्र दुसऱ्याच फेरीपासून ओळखीचे झाले. पाण्यावरच्या सगळ्या काळ्या पाखरांना ते पाणकोंबडीच म्हणत, पण कोणते पाखरू कधी कोठे असते याचे त्यांचे ज्ञान माझ्या तक्त्यापेक्षा नेमके होते. "सांडव्याकडं कशाला उभारतीस? तिकडं पाणी खोल. चालणारी पाखरं वरच्या अंगाला, ओढा येतो तिथं." मी खोलीच्या खुणा केलेला बांबू काठाकाठाने बुडवून पाहिला, मामा बरोबर होते. ओढ्याच्या मुखाशी गाळ साठून तळ उथळ झाला होता आणि शेकाट्या, तुतारी, धोबी यांची जवळजवळ सगळी नोंद तिथूनच येत होती.

डिसेंबरमध्ये रंकाळ्याच्या एका कोपऱ्यातले केंदाळ काढण्याचे काम सुरू झाले. केंदाळ म्हणजे जलपर्णी. पाण्याचे पृष्ठभाग झाकून टाकणारी आणि खालच्या पाण्याला हवा व प्रकाश मिळू न देणारी ही परदेशी वनस्पती काढावी, याबद्दल शहरात दुमत नव्हते. माझ्या तिसऱ्या जागेसमोरच तो पट्टा होता आणि जांभळ्या पाणकोंबड्यांची माझी सर्वाधिक नोंद तिथलीच होती. काम झाल्यानंतरच्या पहिल्याच फेरीत त्या जागी एकही जांभळी पाणकोंबडी दिसली नाही, आणि उघड्या झालेल्या पाण्यावर वारकरी मात्र पूर्वीपेक्षा बरेच जास्त होते. मी त्याच रात्री दोन पानांचा निष्कर्ष लिहून काढला. केंदाळ गेल्याने रंकाळ्यावरच्या पाणकोंबड्या घटल्या आणि वारकरी वाढले, असा त्याचा आशय होता, आणि शेवटी व्यवस्थापनासाठी सूचनाही होत्या.

मॅडमनी त्या दोन पानांवर तीन प्रश्न लिहिले आणि माझ्या मते माझा सगळा प्रकल्प म्हणजे त्या तीन प्रश्नांची उत्तरे आहे. पहिला प्रश्न: कळंब्याचे वारकरी त्याच पंधरवड्यात किती झाले? मी वही उघडली. कळंब्यालाही ते वाढले होते, आणि तिथे तर कोणी केंदाळाला हात लावला नव्हता. हिवाळ्यात वारकऱ्यांचे थवे येतात आणि डिसेंबर हा त्यांचा भरतीचा काळ. म्हणजे रंकाळ्यावरची वाढ निदान काही अंशी ऋतूची होती आणि मी ती सफाईच्या नावावर टाकली होती. दोन तलाव घेण्याचे कारण मी आराखड्यात 'तुलनेसाठी' असे लिहिले होते, पण तुलना म्हणजे नेमके काय करायचे हे मला तोपर्यंत समजले नव्हते.

दुसरा प्रश्न असा होता की केंदाळात बसलेल्या पाणकोंबड्यांपैकी मला आधी किती दिसत होत्या. अर्थातच बाहेर आलेल्या तेवढ्याच. आत असलेल्यांचा फक्त आवाज येई आणि मी तो वेगळ्या रकान्यात लिहीत असे. याचा अर्थ आधीचा आकडा मुळातच खऱ्यापेक्षा कमी होता आणि केंदाळ गेल्यावर, लपायला जागा न राहिल्याने, उरलेल्या पाणकोंबड्या उलट जास्त सहज दिसायला हव्या होत्या. तरीही तिथे एकही दिसली नाही, म्हणजे त्या जागेपुरती घट माझ्या पाहण्यातल्या फरकामुळे आलेली नव्हती. माझी चूक ज्या दिशेने असण्याची शक्यता होती, निष्कर्ष तिच्या उलट दिशेला होता. म्हणून तो टिकला. हे समजल्यावर मला जो आनंद झाला तो नवा पक्षी दिसल्यावर होणाऱ्या आनंदाहून थोडा वेगळा आणि, खरे सांगायचे तर, जास्त होता.

तिसरा प्रश्न दोनच शब्दांचा होता: "गेल्या कुठे?" पुढच्या फेरीत मी पाचही जागांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. पाचव्या जागेसमोर, जिथे काठाला पाणकणसाची दाट बेटे उभी होती, तिथे पाणकोंबड्या पूर्वीपेक्षा जास्त होत्या. त्या त्याच होत्या असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण पायात कडी घातल्याशिवाय एक पाणकोंबडी दुसरीपासून ओळखता येत नाही. पण तलावाची एकूण बेरीज फारशी हललेली नव्हती. त्यामुळे प्रबंधात शेवटी गेले ते वाक्य एवढेच: केंदाळ काढलेल्या जागी जांभळी पाणकोंबडी आढळली नाही, त्याच काळात पाणकणसाच्या पट्ट्यात तिची नोंद वाढली. दोन पानांच्या सूचना कपाटात राहिल्या.

आकडेमोडीचा भाग फार सांगण्यासारखा नाही, एक गाढवपणा सोडून. जातींची विविधता मोजण्यासाठी शॅनन निर्देशांक काढायचा होता. त्यात प्रत्येक जातीच्या प्रमाणाला त्याच प्रमाणाच्या लॉगरिदमने गुणून त्यांची बेरीज करतात आणि चिन्ह बदलतात. संगणकावर मी सूत्र घातले आणि कळंब्याचा निर्देशांक १.१ आला. जातींची यादी एवढी लांब असताना आकडा इतका कमी कसा, म्हणून दोन दिवस मी पक्ष्यांवरच संशय घेत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले की मी वापरलेला लॉगरिदम दहाच्या पायावरचा होता आणि सर्वसाधारणपणे तिथे नैसर्गिक लॉगरिदम वापरतात. २.३०३ ने गुणल्यावर आकडा २.५ झाला. पक्षी बिचारे जागच्या जागी होते. या निर्देशांकाबद्दल माझे मत मात्र फारसे अनुकूल झाले नाही. रंकाळ्याचा आणि कळंब्याचा आकडा एकमेकांच्या बराच जवळ आला, पण एकीकडे केंदाळात आणि खोल पाण्यात राहणारे पक्षी होते आणि दुसरीकडे चिखलात चालणारे. तो फरक त्या एका आकड्यात कोठेच उमटत नाही. म्हणून मी निर्देशांकाच्या तक्त्याशेजारी जातींचा पूर्ण तक्ता छापला, पाने वाढतात ही तक्रार ऐकूनही.

शेवटची फेरी मार्चअखेरीस झाली. कळंब्याचे पाणी बरेच मागे सरकले होते आणि ओढ्याच्या मुखाशी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. बदकांचे थवे विरळ झाले होते. ढोकऱ्यांपैकी काहींच्या पाठीवर विणीचा तांबूस-किरमिजी रंग चढू लागला होता. मामांनी लांबूनच हात केला. चौथ्या जागेवर दहा मिनिटे संपत आली तेव्हा चिखलावर एक तुतारी आली, पाठ माझ्याकडे करून उभी राहिली आणि तशीच राहिली. मी वही मिटून आणखी वीस मिनिटे थांबले. नऊ वाजून गेले होते आणि भावाचा दुसरा फोन येऊन गेला होता. ती उडाली नाही. शेवटच्या तक्त्यातली शेवटची ओळ त्यामुळे अशी आहे: तुतारी, अनोळखी, १.